चादरीवर उमटलेला श्वास

नकाशा-कचेरीत मावशींनी तीस वर्षं निळ्या प्रती काढल्या. कागदाला हाताने रसायनांचा मसाला फासायचा, वर नकाशा ठेवून उन्हात धरायचा, मग पाण्यात धुवायचा. ऊन लागेल तिथे निळं, सावली पडेल तिथे पांढरं. निवृत्त झाल्या तरी हात काही स्वस्थ बसेनात. घरी त्या पानांच्या, कात्रीच्या, लेसच्या पडद्याच्या प्रती काढत बसायच्या.

एका सकाळी त्यांना हुक्की आली. रात्री अंधाऱ्या खोलीत मसाला लावून वाळवलेली पलंगाची अख्खी चादर त्यांनी गच्चीवर अंथरली आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, कुशीवर झोपा यावर. वीस मिनिटं. हलायचं नाही."

"जन्मभर बस चालवली मी. आता माझाच नकाशा काढतेस?"

कुरकुरत का होईना, झोपले.

"नाकाला खाज सुटलीय गं."

"सुटू दे."

नंतर टबात चादर खळबळली, तसा निळ्यातून पांढराशुभ्र माणूस वर आला. नाक, गुडघे, पायाचा अंगठा, सगळं कात्रीने कापल्यासारखं. फक्त पोटाची कड धुक्यासारखी मऊ.

"पोट हललं वाटतं माझं," नवरा ओशाळला.

मावशी चादरीवर वाकल्या. "अहो, श्वास आहे हा तुमचा. वीस मिनिटांचा."

भाचीने बळेच ती चादर कलादालनाच्या प्रदर्शनासाठी न्यायला लावली. तिथे कामं निवडायला दोन टेबलं मांडली होती. फोटोंच्या टेबलावर विचारलं, "कॅमेरा कुठला?" चित्रांच्या टेबलावर म्हणाले, "रंग कुठायत?" तीनदा इकडून तिकडे झालं. मावशी चादरीची घडी घालू लागल्या, तेवढ्यात फोटोंच्या परीक्षक बाई उठून आल्या. त्यांनी चष्मा वर केला. मऊ कडेवरून, न टेकवता, बोट फिरवलं.

"चाळीस वर्षं फोटो काढतेय," त्या हळूच म्हणाल्या, "मला माणूस नेहमी थांबलेलाच सापडला." मग मागे वळून, "समोरच्या भिंतीवर लावा. फोटोंच्या दालनात."

प्रदर्शनात लोक बोलत बोलत यायचे आणि त्या भिंतीपाशी थांबून मऊ कडेजवळ वाकून बघायचे. मावशी कोपऱ्यातून बघत होत्या. हे आपल्या हातून झालं, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. नवऱ्याने खालच्या पट्टीवरचं त्यांचं नाव आणि पुढचा 'छायाचित्रकार' हा शब्द दोनदा मोठ्याने वाचला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी नणंदेला फोन लावला. "ऊन छान पडलंय. येतेस का झोपायला?"