सावडीचा दिवस

हल्ली फुटबॉल शिकवणाऱ्याला कोच म्हणतात. आमच्या वेळी लोणावळ्यात असला काही शब्द नव्हता. शाळेत ड्रिल घ्यायचो म्हणून सगळे मला मास्तर म्हणत, आणि संध्याकाळी गावच्या संघाला खेळ शिकवायचो तिथेही मी मास्तरच. पगार नाही, बिल्ला नाही, शिट्टीसुद्धा घरची. पण खरं सांगतो, बायको गेल्यावर त्या संध्याकाळींवरच मी जगत होतो. खोलीवर बोलायला भिंती होत्या. मैदानावर निदान माझी बोलणी खायला माणसं हजर असायची.

संघातला सगळ्यात भक्कम गडी जवळच्या कुरवंडे गावचा. बचावाला उभा राहिला की पुढून बैलगाडी आली तरी हलायचा नाही. दिवसा तो कोळशाच्या ठेकेदाराकडे पाट्या टाकायचा, आणि हेच ठेकेदार आमच्या क्लबचे अध्यक्ष.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा एक आषाढ. रविवारी अंतिम सामना, आणि बुधवारी हा चिंब भिजून माझ्या दारात उभा.

"मास्तर, ऐतवारी मला न्हाई जमायचं."

"का? लग्न ठरलं का तुझं?"

"लावनी खोळंबलीया. रोपं जून व्हाया लागल्यात. आय तापानं पडलीया, मी येकलाच हाय. आता न्हाई लावलं तर वरीसभर काय खायाचं?"

मी असा काही तडकलो की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. मग माझं मलाच हसू आलं. आमचा खेळ पावसाळ्यातला, भाताची लावणीही त्याच दिवसांतली. हे मला ठाऊक नव्हतं की काय? "जा," म्हटलं, "भात लाव आधी."

ठेकेदारशेठच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. "त्याला निरोप द्या मास्तर. रविवारी मैदानात दिसला नाही, तर सोमवारी कामावर यायचं नाही."

"हा निरोप मी देणार नाही."

"मग संघ कसा चालवायचा?"

"पोटावर पाय देऊन नाही चालवायचा, शेठ. असा आणलेला माणूस मैदानात धावेल, पण खेळेल का?"

आवाज जरा चढलाच माझा. शेठ शांतपणे म्हणाले, "कोणाला तरी शिक्षा व्हायलाच हवी. नाहीतर उद्या सगळेच लावणीला जातील."

"मग मला काढा. त्याच्या कामाला हात लावू नका."

ते एवढ्या झटकन कबूल होतील असं वाटलं नव्हतं. त्यांच्या पुतण्याला माझी जागा हवीच होती, हे मागाहून कळलं. च्यायला, मला सगळं मागाहूनच कळतं!

हा सौदा मी कोणालाच सांगितला नाही. सांगितला असता तर तो बिचारा माझा मिंधा झाला असता, आणि मिंध्या माणसाला कोणी काय शिकवायचं? बाकीच्यांना वाटलं, मास्तरांनी ऐन वेळी हात वर केले. बाजारात समोरून येणारे दोघे मला बघून पानाच्या दुकानाकडे वळले. त्यांतल्या एकाला चेंडू डोक्याने मारायला मी शिकवलं होतं. फार लागलं मनाला.

रविवारी सकाळी माझ्या खिडकीखाली मैदानावर झेंडे रोवायला लागले. दिवसभर दुसऱ्याची शिट्टी ऐकत बसायची माझी हिंमत नव्हती. छत्री उचलली आणि चालत कुरवंड्याला गेलो. यात मोठेपणा काही नाही, मला जायला दुसरी जागाच नव्हती.

तो भातखाचरात वाकला होता. मला पाहून उभाच राहिला. "मास्तर, तुमी हितं? आन् सामना?"

"दुसरा आहे बघायला. मूठ दे इकडे रोपांची."

धोतर खोचून चिखलात उतरलो. शेजारच्या खाचरात पानांची इरली पांघरून लावणी करणाऱ्या बाया फिदीफिदी हसल्या. "मास्तर, रोपं लावताय का खुटं ठोकताय?" एक म्हातारी म्हणाली. मीही हसलो. कितीतरी दिवसांनी कोणी माझी थट्टा करत होतं. संध्याकाळी मोडलेली कंबर घेऊन घाटमाथ्यावरून परत आलो. आपला संघ हरल्याचं पानवाल्याने सांगितलं, आणि तेही माझ्याकडे न बघता.

पुढचा सबंध आठवडा शाळेबाहेर माझ्याशी कोणी बोललं नाही.

मग पावसाने उघडीप दिली. रविवारी सकाळी दारावर थाप पडली. हा कुदळ घेऊन उभा.

"मास्तर, सावड फेडाया आलोय. खाचरातलं पानी आटलंय, लावनी थांबलीया. कुटं हाय तुमचं रान?"

मावळात ही रीतच आहे. आज तू माझ्या रानात राबलास, तर उद्या मी तुझ्या. दिवसाला दिवस.

"मला कुठलं रे रान?"

"मग दुसरं काम सांगा. लाकडं फोडू? कौलं चाळू?"

मी खोलीभर नजर फिरवली. एक ताट, एक तांब्या, एक वळकटी. एकट्या माणसाचं काम ते केवढं असणार!

"आत ये," म्हटलं. "बस आणि बोल माझ्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. पण दिवसभर बोल."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, कुदळ दाराशी टेकवली आणि मांडी घालून बसला. आधी दगड उचलल्यासारखा एकेक शब्द काढत होता. आईचा ताप उतरला, बैल लंगडतोय. मी पिठलं-भात केला. जेवता जेवता त्याने विचारलं, "घरच्या बाईंना काय झालतं, मास्तर?" लोणावळ्यात हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी सांगत गेलो. मध्येच मी डोळे पुसले, तेव्हा तो उगाच खिडकीबाहेर बघत राहिला.

दिवेलागणीला तो उठला. कुदळ खांद्यावर घेतली आणि समाधानाने म्हणाला, "चला मास्तर, सावड फिटली."

फिटली म्हणजे संपलीच की! आता माझ्या दारी यायचं याला काही कारण उरलं नव्हतं. तेवढ्यात कौलांवर पाऊस वाजायला लागला. "आता भरत्याल खाचरं," तो खूश होऊन म्हणाला.

"लावायचं किती राहिलंय?" मी विचारलं.

"वरली दोन खाचरं. उद्या कामाला खाडाच करतो."

"मग उद्या उजाडता येतो मी. शाळेचं काय ते बघतो."

तो दारातच थांबला. "म्हंजी मला परत यावं लागंल की!"

"यावंच लागेल," मी म्हणालो.