भाच्याचे वऱ्हाड आणि मोगलाईतल्या गांधीलमाश्या

मनमाडला गाडी बदलली तेव्हाच माझे डोके फिरले होते. छोट्या रुळांच्या त्या गाडीत आमचे वीस माणसांचे वऱ्हाड कसेबसे कोंबले. पुढे मोगलाईची (निजामाच्या मुलखाची) हद्द लागताच करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायाने नवरीसाठी घेतलेले शालू एकेक घडी मोडून फलाटावर झटकून पाहिले. मी नाशकात शाळामास्तर आहे. चाळीस पोरांचा वर्ग मी नुसत्या भुवईने गप्प करतो. इथे माझ्या भुवईला कोणी विचारीना. त्यातून मी नवरदेवाचा सख्खा मामा, म्हणजे वऱ्हाडातल्या प्रत्येकाची तक्रार माझ्याच कानाशी.

परभणी गेली, पूर्णा गेली आणि सकाळी आम्ही चुडाव्याला उतरलो. व्याह्यांनी तीन बैलगाड्या आणि नवरदेवासाठी एक दमणी (झाकलेली हलकी गाडी) पाठवली होती. स्टेशनाबाहेर लिंबाखाली धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट थालीपिठे) आणि घट्ट दही मिळाले. खोटे कशाला बोलू, तसे धपाटे मी आजवर खाल्ले नव्हते. पण पोटभर मिळाले नाहीत, कारण आमच्या वऱ्हाडातल्या आधाशांनी माझ्या आधी हात मारला.

रस्ता म्हणजे काळ्या मातीतल्या दोन चाकोऱ्या. दोन्हीकडे मार्गशीर्षातली ज्वारी डोक्याएवढी उभी होती, कणसे नुकती भरत होती. पाहायला फार सुंदर मुलूख. पण हाडे खिळखिळी होत असताना सौंदर्य किती बघणार?

"गाव किती लांब?" मी गाडीवाल्याला विचारले.

"हे काय मालक, पलीकडंच हाय."

असे त्याने तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा माझे पागोटे उडून धुळीत पडले होते, आणि तो निर्लज्जपणे हसत होता.

दुपारी गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळाशी गाड्या थांबल्या. गावाचे नाव मी लिहीत नाही; व्याह्यांची अब्रू निघायला नको. आम्ही आणि व्याही दोघेही लिंगायत वाणी. तिथली रीत अशी की, वऱ्हाडाने आधी या देवळाशी उतरायचे. गावची मानाची हलगी तिथे वाजायची, वऱ्हाडाचे पाय धुवायचे, मगच वेशीत पाऊल टाकायचे. पाय धुवायला कोणी आले नव्हते. हलगीही नव्हती. व्याह्यांचा एक भाऊ तेवढा हात जोडून "आलेच, आलेच" म्हणत उभा होता. तासभर आम्ही उपाशी पोटी दगडांवर बसून राहिलो. माझ्या संतापाला सीमा राहिली नाही.

तेवढ्यात हलगीवाला आला. लिंबाजी त्याचे नाव. गावकुसाबाहेर राहणारा, साठीचा, काटक माणूस. थंडीने हलगीचे कातडे सैल पडते; वाजवण्याआधी ते कडब्याच्या जाळावर शेकावे लागते. कडब्याची पेंढी काखेत घेऊन तो देवळाजवळ आला, वर पाहिले आणि थबकला.

"मालक, हितं नगं. शंभर पावलं तिकडं, वढ्याच्या आंगाला शेकतो आन् तिथून वाजवीत येतो."

"का? इथे काय झाले?"

"गांधिनी हायेत." (गांधीण म्हणजे आपली गांधीलमाशी.)

मी वर पाहिले. कोनाड्यात चिखलाची दोन-चार मडकुली चिकटलेली होती. एक बारीक कमरेची माशी तिथे खटपट करत होती. मी मोठ्याने हसलो. "ही? ही तर कुंभारीण. हिला भितोस?"

"ती न्हाई मालक. ती एकली ऱ्हाती, कुनाला काय करत न्हाई. कमानीखाली कागदावानी पोळं लोंबायलंय, ती साधी गांधीण. पोळ्याला हात लावला तर डसती. पन ती फट बघा." त्याने दोन चिऱ्यांमधली बोटभर रुंदीची भेग दाखवली. तिच्यातून तांबूस, बोटाच्या पेराएवढ्या माश्या येत-जात होत्या. पोटावर पिवळा पट्टा होता. "ह्या लय वाईट. ह्यांच्या वाटंवर हुबं ऱ्हायलेलं बी खपत न्हाई. मोहळाच्या माशा धुरानं दबत्यात, ह्या चवताळत्यात."

"मग आजवर काढल्या का नाहीत?"

"पहाटं गारठून आत बसल्या की आंगभर घोंगडं घिऊन ओल्या मातीनं फट लिंपायची. पुजारी म्हनले, लगीन हू द्या."

त्याचे सगळे बरोबर होते. एकही शब्द चुकीचा नव्हता. पण मी उपाशी होतो, तासभर ताटकळलो होतो, आणि एका हलगीवाल्याने मला चारचौघांत धडा शिकवला होता. वऱ्हाडाचा मान ओढ्यात शेकणार का, असे मी ओरडलो. "देवापुढे शेकतात, तिथेच शेक. पेटव!"

लिंबाजीने व्याह्यांच्या भावाकडे पाहिले. तो भला माणूस आपल्या पायांकडे बघत राहिला. "जी," लिंबाजी म्हणाला आणि त्याने काडी ओढली.

धूर भिंतीला लागला आणि भेगेतून माश्या भसाभस बाहेर पडल्या. आमचे लोक उपरणी फिरवीत, किंचाळत सैरावैरा धावले. लिंबाजी तेवढा ओरडत होता, "हात हालवू नगा! चेचू नगा, आनखी येत्याल! तोंड झाकून लांब चला!" आणि स्वतः मात्र लांब गेला नाही. धूर थांबावा म्हणून तो अनवाणी पायांनी जाळ विझवत राहिला. मला दोन डंख झाले. त्याला किती झाले, ते मोजण्यासारखे नव्हते.

तो ओढ्याशी येऊन कोसळला तेव्हा तोंड सुजून डोळे दिसत नव्हते आणि श्वासाला घरघर लागली होती. पूर्णेला दवाखाना होता. मी म्हणालो, दमणीत घाला, तीच वेगाने जाईल. "नवरदेवाच्या गाडीत? त्याला?" व्याह्यांचा भाऊ म्हणाला. आता त्याला कंठ फुटला! माझी सख्खी बहीणही म्हणाली, "दादा, विटाळ होईल. गोरज मुहूर्त आहे." मी त्या दोघांना वाटेल ते बोललो. बोललो, एवढेच. लिंबाजी सामानाच्या रखडत्या गाडीतून गेला, सोबत त्याची बायको गेली, आणि संध्याकाळी मी भाच्यामागे उभा राहून अक्षता टाकल्या. जेवणही जेवलो.

दुसऱ्या दिवशी परत चुडाव्याला आलो तर तीच गाडी पूर्णेहून येऊन स्टेशनाबाहेर बैल सोडून उभी होती. आत घोंगडीत लिंबाजी पडला होता. डाव्या डोळ्यावर पट्टी होती.

"डोळा गेला म्हनले डागदर," त्याची बायको म्हणाली.

लिंबाजीने माझा आवाज ओळखला. "मालक, हलगी वाजलीच न्हाई की ओ."

मी खिशात हात घातला. बाईने मान हलवली. "पैसं नगं मालक. गावातला मानूस भेटला, त्यो म्हनला, समदे म्हनायलेत, म्हाताऱ्याला अक्कल न्हाई, देवापुढं जाळ केला. मानाची हलगी काढून चुलतभावाला द्यायलेत. मग हलगीपायी मिळनारं सुगीचं धान्य गेलं, आन् नाव बी गेलं. तुमी पेटव म्हनला, एवढं गावात सांगा."

गाव तीन कोसांवर होते. गाडीची शिट्टी ऐकू आली होती. "पत्र टाकतो," मी म्हणालो आणि डब्यात चढलो.

पत्र मी दोनदा लिहायला घेतले. बहीण म्हणाली, मुलगी नांदायला आली आहे, आता व्याह्यांशी वाकडे कशाला? मला ते पटले, कारण पटायला हवेच होते. मित्रांना मात्र मोगलाईतली हकीकत मी चवीने सांगितली. व्याह्यांचा भाऊ धोतर सावरीत कसा पळाला, आमची आत्याबाई नंदीमागे कशी दडली. "आणि त्या खुळ्याने नेमका तिथेच जाळ केला!" असे मी म्हणायचो. लोक पोट धरून हसायचे. त्यांच्याबरोबर मीही हसायचो, आणि घरी येऊन बायकामुलांवर खेकसायचो.

परवा भाचा सासुरवाडीहून आला. मानाची हलगी चुलतभावाकडे गेली, असे सहज सांगून गेला.

तेव्हा आता हे छापून सांगतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. लिंबाजी नको म्हणाला होता, सगळ्यांच्या देखत. पेटव म्हणालो तो मी.