चारचौघांत विणलेले टोपडे

विणकाम घरात बसून करता येते. तरीही राहीबाई जगदाळे जन्मभर ते चारचौघांत का करत राहिल्या, या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. त्यांना विचारले तर “घरात हात चालत न्हाईत,” एवढेच म्हणतात. त्यांचे वडील सैन्यात होते. छावणीच्या वसाहतीत बायका कोवळ्या उन्हात ओळीने बसून विणत आणि तिथेच, आईशेजारी, सात वर्षांची राही उलट-सुलट टाके शिकली. हे कारण पटण्याजोगे आहे, पण पुरेसे नाही. छावणीत थंडी होती. कोपरखैरण्यात स्वेटर घालण्याजोगे दिवस वर्षाकाठी आठवडाभरही येत नाहीत.

साताऱ्याहून लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा नवरा ज्ञानू बाजार समितीत माथाडी होता. रेशनच्या रांगेत, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकापाशी राहीबाईंच्या काखेत सुया असत. ज्ञानूच्या अखेरच्या आजारात रुग्णालयाच्या बाकावरही त्या विणत होत्या आणि त्याबद्दल नातेवाइकांनी त्यांना नावे ठेवली. पुढे बैठ्या चाळीची जागा चौदा मजली इमारतीने घेतली. राहीबाईंनी फाटकालगतचा दगडी कट्टा धरला.

तिथे त्या प्रामुख्याने तान्ह्या मुलांची टोपडी, झबली आणि मोजे विणत. आईकडून आलेला एक दंडक त्या पाळत: मूल जन्मल्याशिवाय त्याच्यासाठी सुईवर टाका घालायचा नाही आणि बाराव्या दिवशी, बारशाला, विणलेले हातात द्यायचे. त्यामुळे त्यांच्या मांडीवर मऊ लोकर दिसली की येणारा-जाणारा थांबे. “कुणाकडं?” “चौथ्या मजल्यावर. मुलगी.” पेढे दारोदार पोहोचायच्या आत बातमी पोहोचलेली असे.

जानेवारी २०२२ मध्ये सोसायटीचे अध्यक्ष हरेश पाटील स्वतः लोकरीची पिशवी घेऊन कट्ट्यावर आले. त्यांची सून उन्नती हिला सातवा महिना लागला होता.

“सूनबाईचा हट्ट हाय मावशी. बारशाला हॉल घेतलाय, तिथं समद्यांचा एकच रंग पायजे. बाळाचं तेवढं आताच विनून ठेवा.”

“पाटीलभाऊ, मूल झाल्याबिगर मी सुई धरत न्हाई.”

“आता कोन मानतं हे? आमी सांगतोय ना. काय झालं तर आमच्यावर.”

राहीबाईंनी पिशवी परत दिली. तिसऱ्या दिवशी उन्नती स्वतः त्यांच्या शेजारी येऊन बसली. “मावशी, टेन्शन नका घेऊ. घरात बसून विणा ना, कोणाला कळणारपण नाही.” त्या पोरीचे सुजलेले पाय पाहून राहीबाई हो म्हणाल्या. पण घरात त्यांचा हात खरोखरच चालला नाही. दोन दिवस टाके घातले आणि उसवले. तिसऱ्या दिवशी सायंकाळी त्या साय-रंगाची लोकर घेऊन नेहमीसारख्या कट्ट्यावर बसल्या.

कुणीतरी विचारले, “कुणाकडं?” राहीबाईंना खोटे बोलता आले नाही. “पाटलांकडं,” त्या म्हणाल्या, आणि ‘अजून व्हायचंय’ हे पुढचे वाक्य पुरे होण्याआधीच विचारणारा लिफ्टपाशी पोहोचला होता. तासाभरात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाचे साठ संदेश पडले. उन्नती तेव्हा हसली. हरेशही हसले.

मूल वेळेच्या पाच आठवडे आधी जन्मले आणि नवव्या दिवशी गेले. फुप्फुसे पुरती वाढलेली नव्हती, असे डॉक्टरांनी सांगितले. ते कुणी ऐकले नाही. ज्या ग्रुपवर साठ अभिनंदने पडली होती, त्याच ग्रुपवर ‘लोकरवाली’ हा शब्द फिरू लागला. ज्यांच्या मुलांची डोकी राहीबाईंच्या टोपड्यांनी झाकली होती, त्यांनीच माळ्यावरून ती टोपडी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. ओल्या कचऱ्यात, भाताच्या खरकट्यावर पडलेली ती लोकर गिरजाबाईंनी डोळ्यांनी पाहिली. गिरजाबाई इमारतीचे जिने झाडतात.

एप्रिलमध्ये वाहनतळात सभा झाली. कट्ट्यावर बसण्यास मनाई करण्याचा ठराव होता. कारण म्हणून ‘सुशोभीकरण’ लिहिले होते. हा शब्द ज्याने लिहिला त्याच्या नीचपणापेक्षा त्याच्या नीटनेटकेपणाची मला अधिक शिसारी आली. उन्नती सासूशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिला का आणले होते, ते आणणाऱ्यांनाच ठाऊक.

एका गृहस्थांनी विचारले, “मावशी, मूल होण्याआधी तुम्ही विणायला घेतलं, हे खरं का?”

“खरं हाय.”

“तुमचाच नियम ना तो? मग मोडलात कशाला?”

राहीबाईंनी हरेश पाटलांकडे पाहिले. पिशवी आणणारा, ‘काय झालं तर आमच्यावर’ म्हणणारा तो माणूस अध्यक्षाच्या खुर्चीत बसून ठरावाचा कागद सरळ करत होता. एक वाक्य उच्चारले असते तर राहीबाईंची जागा वाचली असती. त्या म्हणाल्या, “चुकलं माझं.” हात वर झाले. हरेश पाटलांचाही झाला.

जिन्याखाली गिरजाबाईंनी त्यांना गाठले. “तोंड शिवलं हुतं का तुजं? त्यानंच आनून दिलं ना?”

“पोरगी समोर बसली हुती. अजून दूध आटलं न्हाई तिचं. तू मागितलंस म्हणून झालं, असं तिच्या तोंडावर सांगू?”

“मग त्यानं सांगायचं.”

“त्याची मला किळस येती, गिरजे. राग न्हाई. रागावलेल्या माणसाशी बोलता तरी येतं.”

तरीही दुसऱ्या दिवशी सायंकाळी राहीबाई कट्ट्यावर गेल्या. दगडावर गाड्यांचे जळके तेल ओतलेले होते. त्यांनी जुन्या लुगड्याच्या तुकड्याने ते पुसले आणि बसल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेल होते, त्यात पानाची पिंक होती आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. बाजूला मुले सायकली फिरवत होती. त्यांच्या आया मोबाइलमध्ये पाहत उभ्या होत्या. लोकरीचा गुंडा खाली घरंगळला आणि त्या घाणीत लडबडला. राहीबाईंनी धागा दातांनी तोडला, गुंडा तिथेच सोडला आणि त्या वर गेल्या. पुढच्या आठवड्यात कट्ट्यावर सिमेंटच्या कुंड्या बसल्या. उद्घाटनाचा नारळ हरेश पाटलांनी फोडला.

त्यानंतर वर्षभराने, मे २०२३ मध्ये, राहीबाई मुलगा धनाजी याच्याकडे तळोज्याला राहायला गेल्या.