गुलाबांच्या ऑफिसातली नवी नावं

पवनानगरच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमच्या कंपनीची गुलाबांची पॉलीहाऊसं आणि त्यांना चिकटून ऑफिस. तिथल्या दहा-बारा कॉम्प्युटरांची देखभाल माझ्याकडे. नेटवर्कवर त्यांची नावं म्हणजे नुसता सावळागोंधळ होता. काहींना कारखान्यातून येताना चिकटलेली अक्षरं आणि आकडे, एकाला कधीच सोडून गेलेल्या क्लार्कचं नाव, आणि सगळ्यात म्हातारा, चालू होताना धापा टाकणारा जो होता, त्याचं नाव ‘न्यू-पीसी’. “ताई, कॉम्प्युटर अडकलाय” असा फोन आला की सर्व्हरवर मी नेमका कुठला शोधायचा? शेवटी मालकांना म्हटलं, जो ज्या जागी बसतो त्यावरून सरळ नाव देऊ. पॅकिंग-एक, हिशेब-दोन, असं.

मालक पुण्यात राहतात आणि त्यांच्या मनात निराळंच शिजत होतं. पुण्यातली एक एजन्सी हे सगळं तिथूनच सांभाळायला तयार होती. इथे माणूस ठेवायची गरजच नाही, असं तिचं म्हणणं. “नावं बदल, पण काम अडता कामा नये,” मालक म्हणाले. “हे कसं होतंय ते पाहून एजन्सीचं ठरवू.” आता ‘ठरवू’चा अर्थ न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. मळवलीच्या घरून जीपनं येण्याजोगी, माझ्या कामाची दुसरी नोकरी अख्ख्या मावळात मिळाली नसती. ही गेली असती तर गेलीच.

म्हणून दसऱ्याच्या आधी मी टेबलाटेबलावर जाऊन कुठे कुठल्या जुन्या नावाचं मशीन आहे त्याची यादी केली. सुट्टी संपली त्या सकाळी लवकर आले. वॉचमननं बटणं दाबून सगळी मशीनं चालू करून ठेवली होती. माझ्याच खुर्चीत बसून, सर्व्हरवरून, त्या यादीप्रमाणे सगळ्यांची नावं बदलली. एकेक मशीन बंद झालं, पुन्हा उठलं आणि नव्या नावानं हजर झालं. एकही रुसलं नाही. मी स्वतःवर इतकी खूश झाले की चहात जास्तीची साखर घातली.

दुपारी पॅकिंगच्या मावशी दारात उभ्या. औंढ्याच्या आहेत, पॅकिंगच्या खोलीत त्यांचाच शब्द चालतो.

“पोरी, लेबलाचं ते गुलाबाचं चित्रच न्हाई आज. सकाळी तू काय केलंस गं?”

प्रत्येक खोक्यावर लेबल लागतं. त्याशिवाय विमानतळावर खोकं कुणी आत घेत नाही. संध्याकाळी गाडी निघायची होती. शीतघरात सणभर तोडलेली फुलं भरून ठेवलेली. ती पडून राहिली असती तर फुलांबरोबर माझी नोकरीही गेली असती.

पॅकिंगच्या खोलीत जाऊन बघते तर समोरचं मशीन स्वतःला ‘हिशेब-दोन’ म्हणवून घेत होतं. लेबलाचा प्रोग्राम एकाच मशीनवर उघडतो, आणि सर्व्हर ते आता ‘पॅकिंग-एक’ या नावावरून ओळखणार होता. मला वाटलं, मी नावांची अदलाबदल करून ठेवली. रागही माझाच आला, सकाळच्या त्या गोड चहाचासुद्धा. आता दोन्ही नावं परत फिरवायची, तर एका नेटवर्कवर एकाच नावाची दोन मशीनं चालत नाहीत. ताक आणि दुधाची भांडी बदलायला तिसरं भांडं लागतं, तसं आधी एकाला तिसरंच कुठलं तरी नाव द्यायचं. मी टाइप करायला लागले. तेवढ्यात सीपीयूच अडकला. चरफडत बटणापर्यंत पोचण्यासाठी त्याच्यावरचा झेंडूचा हार बाजूला केला, तर खाली गुलाबी सशाचं स्टिकर.

हा ससा मी ओळखत होते. हिशेबाच्या भाऊंच्या लेकीनं त्यांच्या सीपीयूवर चिकटवलेला.

भाऊंना हाक मारली. “अरेच्चा, माझा ससा इथे काय करतोय?” ते म्हणाले. “आणि माझ्या स्क्रीनवर सकाळपासून एक गुलाब आलाय. मला वाटलं, तुम्ही दसऱ्याच्या शुभेच्छा टाकल्यात.”

मग उलगडा झाला. खंडेनवमीला आमच्याकडे कात्र्या, फवारे, वजनकाटे सगळ्यांची पूजा होते. यंदा मावशींनी फर्मान काढलं की टेबलाटेबलावर उदबत्ती फिरवायची नाही, सगळे सीपीयू एका जागी मांडायचे. आमच्या घरीही पूजा होती, म्हणून मी आधीच जीप पकडून गेले होते. आरतीनंतर ड्रायव्हर आणि पॅकिंगच्या मंडळींनी ज्याच्या हाती जे आलं ते जिथे जागा दिसली तिथे नेऊन जोडलं.

“समदी काळीच,” ड्रायव्हर म्हणाला. “कुठलं कुणाचं, कळतंय व्हय?”

कुणाला कळणार? आपलं नाव आणि पासवर्ड टाकून आत शिरलं की कुठल्याही मशीनवर आपल्या फायली दिसतात. त्या सर्व्हरवरच असतात. म्हणजे माझी नावं बरोबर होती. मशीनंच भलत्या घरी जाऊन बसली होती! मला एवढं हलकं वाटलं की मी मावशींना मिठीच मारली.

“आता सोड,” त्या म्हणाल्या, “खोकी थांबल्यात.”

नाव एकही बदलायचं नव्हतं, नुसतं उचलायचं होतं. भाऊंनी ससा काखेत मारला, ड्रायव्हरनं पॅकिंगचं मशीन आणलं, मी वायरी जोडल्या. गुलाबाचं चित्र उगवलं, प्रिंटर कुरकुरला आणि पहिलं लेबल बाहेर आलं. मावशींनी ते खोक्यावर थापलं आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. गाडी उजेड असतानाच निघाली.

ती वळणापलीकडे गेली न गेली तोच मालकांचा फोन. त्यांच्या कानावर बातमी गेली होती. “लेबलं अडली होती म्हणे?” मी सगळं सांगितलं, हारासकट, सशासकट. ते हसायला लागले, थांबेचनात.

“पुढच्या वर्षी,” ते म्हणाले, “पूजा उरकेपर्यंत तू जायचं नाहीस.”

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मावशींनी विचारलं, “काय म्हनाले?”

“पुढच्या वर्षी म्हणाले,” मी सांगितलं आणि मला रडू कोसळलं.