भट्टीखालचा बेडूक

"खना! बुडापासनं खना! त्यो हितंच हाय!"

माझा चुलता वीटभट्टीच्या माथ्यावर उभा राहून ओरडत होता. आवाज असा, की बाभळीवरचे कावळे उडाले ते थेट गोदावरीत जाऊन पडले, हे मी आजही शपथेवर सांगतो. खाली सगळं गाव कुदळी घेऊन भिडलेलं. मी विशीतला, पाट्या उचलत होतो. आणि ज्याची भट्टी, तो वीटवाला बायकोशेजारी उकिडवा बसून नुसता बघत होता.

शोधत होते ते एक मडकं. मडक्यात कोंडलेला बेडूक.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना वाटेल, हा थापा मारतोय. मारतो मी, पण इथं नाही. पाऊस हटला की आमच्या पारनेरच्या अंगाला धोंडी काढतात. एकाच्या अंगाला लिंबाचा पाला बांधायचा, काठीला बेडूक टांगायचा आणि दारोदार अंगावर पाणी ओतून घ्यायचं. बेडूक ओरडला की पाऊस आलाच. त्या साली धोंडी बेडकापाशीच अडली. विहिरींचे तळ उघडे पडलेले, ओढ्यात फुफाटा. बेडूक हुडकायला गेलेली माणसं राहुरीपर्यंत हिंडून आली. एक सापडला तो पापडासारखा. टिचकी मारली की वाजायचा.

तेव्हा पारावर कुणीतरी म्हणालं, "बेडकं जात्याल कुटं? कुनीतरी कोंडल्यात."

झालं! त्या 'कुणीतरी'ला नाक, डोळे आणि घरचा पत्ता फुटायला अर्धी चिलीम पुरली. पाऊस नसला तर कच्च्या विटा कुणाच्या वाचतात? वीटवाल्याच्या. मग त्यानंच मडक्यात बेडूक कोंडला, तोंड लिंपलं आणि भट्टीखाली पुरून पाऊस बांधून टाकला. माती कालवायला पाणी नाही म्हणून त्याची भट्टी होळीपासून गार पडलेली, हे सगळ्यांना दिसत होतं. पण दिसणं निराळं आणि गावाबरोबर असणं निराळं.

चुलता आधी हसला होता. "पाऊस काय खोंड हाय व्हय रं, दाव्याला बांधाया?" वीटवाला त्याचा जिवाचा मैतर. भजनात तो पखवाज वाजवायचा, शेजारी चुलत्याचे टाळ. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. ती कणीक दर एकादशीला चुलता घरून न्यायचा. दुष्काळात गहू दिसणं म्हणजे वाघ दिसणं; तरी चुलतीच्या शिव्या खात मूठभर न्यायचाच. भजन संपलं की वीटवाला ती खरडून परत त्याच्या हातावर ठेवायचा. "घे आब्या. वैनीला म्हनावं, देवाचं नाव मुरलंय हिच्यात. चपाती लई फुगंल." पंचक्रोशीत चुलत्याला आब्या म्हणणारा तो एकटा. बाकी सगळ्यांचा तो आबा.

मग एका संध्याकाळी पारावर तंबाखूची चंची फिरत होती. चुलत्याचा हात पुढं आलेला. चंची त्या हातावरून पलीकडच्याकडं गेली. एक जण तेवढा म्हणाला, "आबा, तुमी गावाचं का भट्टीचं?"

नुसत्या आरोळीनं बिबट्या पळवणारा हा माणूस (बिबट्या मी पाहिला नाही, त्याच्याच तोंडून ऐकला) बिनतंबाखूचा घरी आला, ताटावरून तसाच उठला. दुसऱ्या दिवशी भट्टीवर पहिली कुदळ त्याची होती.

भट्टी बुडापासून खणली. राख निघाली, खापरं निघाली, कुण्या काळचा एक नाल निघाला. मडकं नाही. मला वाटलं, चला, मिटलं. मग एक म्हातारा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "बगा, किती पोचलेला हाय. राती हालवलं त्येनं."

सापडलेल्या बेडकानं एवढी खात्री पटली नसती, जेवढी न सापडलेल्यानं पटली. सगळ्यांनी माना वर करून चुलत्याकडं पाहिलं.

"हालवलं आसंल," तो म्हणाला. त्याच्या उभ्या जन्मात तो एवढ्या हळू बोलला नव्हता. पण वीटवाल्यानं ऐकलं.

चार दिवसांत तो बायकोला घेऊन पुणतांब्याला, सासुरवाडीला निघून गेला. पखवाज देवळात ठेवून गेला.

पुढल्या साली पाऊस झाला. बेडूक इतके, की रात्री त्यांच्या ओरडण्यानं कौलं सरकायची. गाव म्हणालं, "बगा, त्यो गेला आन् पाऊस आला." चुलता त्यांच्यातच बसून मान हलवायचा. चंची आता आधी त्याच्याकडं यायची. पण एकादशीला तो कणीक न्यायचाच. मुक्या पखवाजाशेजारी ठेवायचा. सकाळी ती मुंगळे ओढून न्यायचे.

श्रावणात त्यानं मला बरोबर घेतलं. पखवाज मांडीवर, कणकेचा गोळा ओल्या फडक्यात, असे आम्ही एस्टीनं पुणतांब्याला गेलो. वीटवाला नदीकाठी कच्च्या विटांवर उसाचं पाचट झाकत होता. वाळला होता.

"चल गड्या," चुलता म्हणाला. "पाऊस पडलाय. आता कुनी काय म्हनत न्हाई."

तो पाचट दाबत राहिला.

"मडकं न्हाई, ह्ये मला तवाबी ठावं हुतं."

आता त्यानं वर पाहिलं. "तवाबी?"

"व्हय."

चुलत्यानं फडकं सोडून कणीक पुढं केली. वीटवाल्यानं गोळ्याकडं पाहिलं, माझ्या काखेतल्या पखवाजाकडं पाहिलं, धोतराला हात पुसले आणि सुटलेलं पाचट पुन्हा नीट केलं.

"आबा, विटा पायजे आसल्या तर दिवाळीनंतर या तुमी," तो म्हणाला. "आत्ता वल्या हायती."