पितांबरभाऊंचं बिनविषारी भरीत

देवपूरच्या पितांबरभाऊंनी निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बायकोला फर्मान सोडलं: बाजारची फवारलेली भाजी यापुढे उंबऱ्याच्या आत येणार नाही. घरामागे वाफे होतील, त्यात पिकेल तेच शिजेल. बेबाबाईंना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. ते वर्षभर उतरलं नाही.

उन्हाळ्यात भाऊंनी वाफ्यांना खत म्हणून जीवामृत केलं. शेण-गोमूत्रात बेबाबाईंनी आखाजीच्या पुरणासाठी ठेवलेला गूळ गेला, भज्यांचं बेसनही गेलं. घरात सण झालाच नाही, रिकाम्या वाफ्याचा मात्र झाला. पावसाळ्यात वांग्याची रोपं लागली आणि मागोमाग अळ्या आल्या. मग भाऊंनी ड्रममध्ये कडू पाला कुजवला. त्या वासाने शेजारच्या पुष्पाबाईंनी खिडक्या लावून घेतल्या; अळ्या तेवढ्या मजेत राहिल्या. बेबाबाईंनी ओट्यावर डासांची अगरबत्ती लावली, तर रोपांना बाधेल म्हणून भाऊंनी ती विझवली. डास बहुधा सेंद्रिय असावेत, त्यांना अभय होतं.

बेबाबाई वाफ्यातली अंबाडी आणि डाळ आलटून पालटून शिजवत राहिल्या. पण त्यांचं दुःख जिभेचं नव्हतंच. पिशवी घेऊन बाजारात जायचं, भाजीवालीशी भावावरून भांडायचं, चार ओळखीच्या बायकांशी मन मोकळं करायचं, एवढीच त्यांची हौस होती. भाऊंनी तीही बंद केली, याचा त्यांना मनापासून राग होता.

हिवाळ्यात एकदाची भरिताची हिरवी वांगी धरली. भाऊंनी ऑफिसातल्या जुन्या सोबत्यांना भरीतपार्टीला बोलावलं. आता भरीत भाजायचं ते कपाशीच्या वाळल्या काड्यांवरच. गॅसवरच्या भरिताला आपल्याकडे कुणी पंगतीत बसवत नाही. काड्या बेबाबाईंचा भाऊ चिंधा आपल्या शेतातून घेऊन आला.

जाळ पेटला, वांगी तडतडू लागली आणि भाऊंचं विषमुक्त अन्नावरचं भाषणही तापलं. तेवढ्यात पाहुण्यांतल्या सुकदेवनानांनी चिंधाला सहज विचारलं, "काड्या घरन्याच का रे?"

"हां नाना. यंदा बोंडअळी भलती व्हती. फवारा मारी मारी पंप तुटना!"

भाषण थांबलं. पाहुणे कधी धुराकडे, कधी भाऊंकडे बघू लागले. बेबाबाईंच्या हातातली पुरी हातातच राहिली. वांगी उचलून गॅसवर न्यावीत तर भरिताची अब्रू जाणार, काड्यांवर ठेवावीत तर भाऊंची. भाऊंनी जाळाकडे पाहिलं, खरपूस वास घेतला आणि निकाल दिला, "काही व्हत नही. आगमा बठ्ठं इख जळी जास!"

आगीत सगळं विष जळतं म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. भाऊंनी स्वतः दोनदा मागून घेतलं. बेबाबाई पुऱ्या वाढत राहिल्या.

सकाळी त्यांनी खुंटीवरची पिशवी काढून झटकली.

"कोठे चालनी?" भाऊंनी विचारलं.

"बजारमा. वांगा, गिलका, बठ्ठं लई येस."

"फवारेल भाजी? आपला घरमा?"

बेबाबाईंनी चपला पायात सरकवल्या. "आपला गॅसमा बी आगच शे ना!"