आईच्या नावावरची पुस्तकं
जुन्या पुस्तकाच्या खाकी कव्हराला खळीचा वास आला, की मला भाईंदर पश्चिमेचं ते एका गाळ्यातलं वाचनालय आठवतं. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. गुडघ्यांमुळे आईला जिने उतरवत नसत, म्हणून ऑफिसातून येताना मीच घाईघाईने तिची पुस्तकं बदलून आणायचे. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी शेवटची दोन परत करून तिचं नाव काढायला गेले. काउंटरवरच्या बाईंना काहीच माहीत नव्हतं. खणातून एक कादंबरी काढून त्या म्हणाल्या, "आईंनी चिठ्ठी पाठवून मागितलेली ना, ती आलीय. कोणाला दिली नाही मी. गुडघे कसे आहेत त्यांचे?" सोसायटीतल्यांचं भेटून, समजूत घालून झालं होतं, आईबद्दल आता कोणी काही विचारत नव्हतं. मी म्हणाले, "बरे आहेत आता." सही केली, मिठागरांवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात चालत घरी आले, कुलूप काढलं आणि स्वयंपाक न करता वाचत बसले. आठवड्याने बाईंनी विचारलं, "आवडली का त्यांना?" "शेवट पटला नाही म्हणाली." "वाटलंच मला," म्हणत त्या हसल्या आणि आईसाठी दुसरं शोधायला उठल्या. असे चार महिने गेले. मग एके दिवशी बाईंनी काहीच न विचारता नवं कार्ड पुढे केलं. त्यावर माझं नाव होतं. त्यांना कधी, कोणाकडून कळलं, हे मी विचारलं नाही. मान खाली घालून पुस्तक घेतलं आणि निघाले. आज वाटतं, थांबायला हवं होतं. आईबद्दल बोलायला मला दुसरं होतं तरी कोण?